जुना नंबर, जुने पासवर्ड: बाबांची सगळी लॉगिन नीट लावताना

हे काम मे २०२४ च्या शेवटी सुरू झालं आणि ऑगस्ट संपता संपता बऱ्यापैकी आटोपलं. मधल्या काळात इतक्या वेळा वाटलं की कुणीतरी हे आधी क्रमाने लिहून ठेवलेलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून आता सप्टेंबरात, आठवतंय तोवर लिहून काढतेय. तारखा, पैसे, कुठे थांबावं लागलं, सगळं टाकतेय, कारण अडतं ते नेमकं तिथेच.

बाबांचं वय ७४. कंपनीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरची, छोटी पेन्शन, दोन बँकांत खाती, थोडे म्युच्युअल फंड, एलआयसी, गॅस, महावितरण, घरपट्टी. म्हणजे पुण्यात कोथरूड-कर्वेनगरातल्या कुठल्याही घरात असतं तेवढंच. रिटर्न दरवर्षी मुदतीच्या आत भरायचं हा त्यांचा नियम, आणि मुदत ३१ जुलै, म्हणून मी मेमध्येच लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसले. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर युजर आयडी म्हणजे पॅन, तो पाठ आहे, पण पासवर्ड काही केल्या लागेना. बरं म्हटलं, फरगॉट पासवर्ड करू. त्यात सगळ्यात सोपा पर्याय आधार ओटीपीचा. ओटीपी पाठवला असं पोर्टल म्हणतंय आणि बाबांच्या फोनवर काहीच नाही.

इथे पहिली टिप. आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय हे बघायला लॉगिन लागत नाही. मायआधारच्या साइटवर आधार व्हॅलिडिटी तपासायची सोय आहे, तिथे आधार नंबर टाकला की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तीन आकडे बघून बाबा म्हणाले, "अगं, हा तर माझा जुना नंबर." त्यांच्याकडे आधी दोन फोन होते. दोन-दोन रिचार्ज कशाला म्हणून २०२२ मध्ये एक सिम सोडून दिलं. आधार, पॅन, एक बँक, पेन्शन, सगळं त्या सोडलेल्या नंबरावर.

मी त्या नंबरवर फोन लावला. नांदेडकडच्या एका मुलाने उचलला. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "हो ताई, आजोबांच्या पेन्शनचे मेसेज येतात ना मला, दर महिन्याला. मी डिलीट करतो." मुलगा खरंच सज्जन. काही लागलं तर फोन करा असंही म्हणाला. पण फोन ठेवल्यावर आम्ही घरातले सगळेच जरा वेळ गप्प होतो. बाबांच्या खात्यात किती पैसे जमा झाले हे आमच्या आधी त्याला कळत होतं. आणि पेन्शनचे मेसेज जात असतील तर ओटीपीही जात असणार. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर?

आणि यात मोबाईल कंपनीने नियम मोडला असंही नाही. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देता येत नाही, त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला देता येतो. आकडे मर्यादित आहेत, ते फिरतच राहणार. प्रीपेडचं सिम नुसतं पडून राहिलं, ९० दिवस काहीच वापर नाही आणि त्यात बॅलन्सही नाही, तरी ते बंद होऊ शकतं. म्हणून ज्यांच्या घरी असं दुसरं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे त्यांना कळकळीने सांगते, सगळ्या ठिकाणचा नंबर बदलून होईपर्यंत त्यावर सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारत राहा.

मला या सगळ्यातून जे कळलं ते एवढंच, की धोका नुसत्या जुन्या पासवर्डात नसतो, तो 'पासवर्ड विसरलात?' ह्या बटणामागे असतो. ते बटण दाबल्यावर मेसेज ज्या नंबरावर किंवा ज्या मेलवर जातो, खातं खरं तर त्याच्या हातात. आपण पुढच्या दाराला नवं भारी कुलूप लावतो आणि मागच्या दाराची किल्ली जुन्या भाडेकरूकडेच राहिलेली असते, तसलं हे. म्हणून आम्ही पासवर्ड बदलायला घेतलेच नाहीत. आधी नंबर, मग मेल, मग पैशाची खाती, मग पासवर्ड आणि सगळ्यात शेवटी बाकीची जुनी खाती, हा क्रम ठरवला. उलटा केला असता तर नवे पासवर्डही त्याच जुन्या नंबरावरून कुणालाही बदलता आले असते.

बाबांची एक डायरी आहे, एलआयसीवाल्यांनी दिलेली, २०१४ ची. मागच्या पानांवर सगळे पासवर्ड. निळ्या पेनाने एक लिहिलाय, तो खोडून बाजूला दुसरा, तो खोडून वर चिमटीत बसवलेला तिसरा, त्याला बाण, आणि बाणाच्या टोकाला 'हा चालू'. अशा 'हा चालू' दोन-तीन नोंदी एकाच बँकेपुढे. नीट बघितलं तर सगळे एकाच मुळाचे, देवाचं नाव, ॲटचं चिन्ह आणि जन्मसाल, मग जन्मसालाच्या पुढे एक, मग दोन, मग तीन. हे काही बाबाच करतात असं नाही. त्यांची एक बँक ठरावीक महिन्यांनी पासवर्ड बदलायलाच लावते, मग माणूस शेवटचा आकडा वाढवतो, दुसरं काय करणार. अमेरिकेतली एनआयएसटी ही संस्था, जिच्या शिफारशी जगभर बघितल्या जातात, तिने २०१७ मध्येच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, कारण लोक असेच अंदाज बांधता येणारे बदल करतात. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी ते चालूच आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास वयस्कर माणसांना होतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

मग कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर मोठा तक्ता केला. खात्याचं नाव, आयडी काय, नंबर कुठला, मेल कुठला, आणि शेवटचा रकाना, 'विसरलो तर मेसेज कुठे जातो'. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण भरल्यावर अर्धं काम तिथेच झालं, कारण कुठून सुरुवात करायची ते दिसायला लागलं. पासवर्ड या तक्त्यात लिहायचे नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आधारचं काम. मोबाईल नंबर बदलायला तेव्हा बाबांना स्वतः जावं लागलं, कारण बोटांचे ठसे घेतात. पोस्टात, काही बँकांत आणि आधार सेवा केंद्रात होतं. आम्ही जवळच्या पोस्टात गेलो. नंबर बदलायला कागदपत्र काही लागत नाही, फक्त आधार कार्ड आणि एक फॉर्म, तेव्हा २०२४ मध्ये फी ५० रुपये होती. सकाळी लवकर जा, कारण बऱ्याच ठिकाणी दिवसाची ठरावीक टोकनं देतात आणि ती संपली की दुसऱ्या दिवशी या म्हणतात. आम्हाला एकदा तसं परत यावं लागलं, बाबा उन्हात उभे राहून वैतागले होते. नंतर बोटांचे ठसेच उमटेनात. वयाने आणि वर्षानुवर्षं मशीनवर काम करून त्यांची बोटं गुळगुळीत झालीयेत. तिथल्या मॅडमनी चार-पाच वेळा ओल्या रुमालाने बोट पुसून बघितलं, मग म्हणाल्या, "काका, चष्मा काढा, डोळे वर करा," आणि बुबुळावरून काम झालं. तेव्हा ठसे उमटत नाहीत म्हणून कुणी परत पाठवलं तर बुबुळाचं विचारा, ती सोय असते. मिळालेली पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या यूआरएनवरून, म्हणजे अर्जाच्या नंबरावरून, अर्ज कुठवर आलाय ते ऑनलाइन दिसतं. महिनाभर लागू शकेल असं सांगितलं होतं, आमचं त्याच्या आत झालं.

त्या थांबण्याच्या काळात बँक. एका बँकेत नवा नंबर आधीपासून होता, प्रश्नच नव्हता. दुसरीत होम ब्रँचलाच या म्हणाले. फॉर्म, आधार-पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स आणि पासबुक. काउंटरवर सांगितलं दोन दिवसांत होईल, आठवडा उलटला तरी मेसेज जुन्याच नंबरावर. हे आम्हाला त्या नांदेडच्या मुलामुळेच कळत होतं, तोच फोन करून सांगायचा की काका अजून मलाच येतायत. परत गेलो तर फॉर्म ट्रेमध्येच होता. म्हणून दुसरी टिप, फॉर्म दिला की पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि नंबर बदलल्याचा मेसेज स्वतःच्या फोनवर येत नाही तोवर काम झालं असं धरू नका. जूनच्या शेवटी पालखी पुण्यात मुक्कामाला होती, रस्ते बंद, तेव्हा ब्रँचला जाणं पुन्हा लांबलं. अखेर जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवा नंबर लागला आणि बाबांनी सगळ्यात आधी त्या मुलाला फोन करून सांगितलं.

आता मेल. बाबांचं जीमेल आहे, पण त्याचा रिकव्हरी मेल होता २००३-०४ च्या सुमाराचा याहू आयडी, जो त्यांनी कित्येक वर्षांत उघडलाच नव्हता. आणि याहूची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून नव्या लोकांना द्यायला घेतले होते, आणि तेव्हा काही नव्या मालकांना जुन्या मालकाची खासगी मेल यायला लागली होती. म्हणजे फोन नंबराचं जे झालं तेच मेलचंही होऊ शकतं. गूगलचं धोरण असं आहे की दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात, डिसेंबर २०२३ पासून ते सुरूही झालंय. मात्र काढलेला पत्ता दुसऱ्याला देत नाहीत. तरी त्या खात्यातले फोटो, मेल सगळं जातं, तेव्हा एखादं जुनं जीमेल ठेवायचं असेल तर अधूनमधून लॉगिन करत राहा.

आम्ही रिकव्हरी मेल काढून माझा टाकला, नवा नंबर टाकला, आणि सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर हे खातं अजून उघडं आहे ती यादी बघितली. त्यात बाबांनी विकून टाकलेला एक जुना मोबाईल होता. तो तिथूनच साइन आउट केला. दुसरी यादी थर्ड पार्टी ॲपची, म्हणजे 'गूगलने लॉगिन करा' करून ज्यांना ज्यांना परवानगी दिली ते सगळे. राशीभविष्याचं एक ॲप, एक फोटो सजवायचं, एक पीडीएफचं. सगळ्यांची परवानगी काढली. मग टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड. शक्य होतं तिथे मी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावलं, त्यात दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड बदलतो आणि तो फोनमध्येच तयार होतो. सिम कुणाच्याही हातात गेलं तरी तो कोड जात नाही. बाबांना सुरुवातीला ती घाई नको वाटली, "तेवढ्यात आकडे बदलतात गं." चार-पाच दिवस रोज एकदा करून बघितलं, मग हात बसला. गूगल याबरोबर दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, फोन हरवला तर तेच तारतात, ते छापून ठेवले.

याच काळात मी बाबांचा आणि माझा मेल 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर टाकून बघितला. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये ही सुरू केली, फुटलेल्या डेटात आपला पत्ता आहे का ते फुकट कळतं. दोघांचेही पत्ते निघाले, माझा तर बऱ्याच ठिकाणी. असं दिसलं तर घाबरू नका, जवळजवळ सगळ्यांचे निघतात. ॲडोबीचा २०१३ मध्ये डेटा फुटला तेव्हा १५ कोटींच्या वर खाती त्यात होती, लिंक्डइनचा २०१२ मध्ये चोरलेला डेटा २०१६ मध्ये विक्रीला आला, याहूने २०१७ मध्ये कबूल केलं की २०१३ च्या चोरीत त्यांची तिन्ही अब्ज खाती होती. चोरी आणि ती कळणं यात वर्षं जातात. म्हणूनच तो 'कधीतरीचा' पासवर्ड आजही जिवंत धरायचा.

बाबांचं म्हणणं, "माझं कोण काय नेणार? आणि बँकच लुटली जाते तिथे माझ्या पासवर्डाने काय होणार?" हा प्रश्न पुण्यात विचारला जाणारच, कारण ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आपण सगळ्यांनी वाचलाय, ९४ कोटी गेले होते. मी त्यांना समजावलं की ती चोरी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून झाली होती, कुणा खातेदाराचा पासवर्ड वापरून नाही, ते सांभाळणं बँकेचं काम. आपल्या हातात आहे तेवढं आपण करायचं. आणि बाबांना कुणी मुद्दाम शोधत नाहीये हे खरं, पण शोधायची गरजच नसते. कुठल्यातरी साइटवरून फुटलेल्या मेल-पासवर्डाच्या जोड्या प्रोग्राम आपोआप शेकडो साइटवर लावून बघतो, जिथे उघडेल तिथे उघडेल. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड जसेच्या तसे उघड झाले, त्यात सगळ्यात जास्त वापरलेला होता १२३४५६. तेव्हापासून अशा याद्या चोरांना तयारच मिळतात. देवाचं नाव आणि जन्मसाल हेही त्यात सहज बसतं. हे ऐकल्यावर बाबा स्वतःहून म्हणाले, "मग सगळे वेगवेगळेच पाहिजेत."

वेगवेगळे आणि लांब, पण लक्षात राहणारे कसे करायचे? यासाठी डाइसवेअर म्हणून जुनी पद्धत आहे. फासा पाच वेळा टाकायचा, जो पाच आकडी नंबर येईल त्यापुढचा शब्द ७,७७६ शब्दांच्या यादीतून घ्यायचा, असे पाच-सहा शब्द. पण याद्या इंग्रजी, बाबांना ते शब्द आपले वाटेनात. मग आम्ही घरातला मराठी शब्दकोश काढला, मोबाईलवर रँडम नंबर काढून पान ठरवलं, दुसरा नंबर काढून त्या पानावरचा शब्द. स्वतः शब्द निवडायचे नाहीत ही एकच अट, कारण आपण निवडले की पुन्हा देव, नातवंडं आणि गावाचं नाव येतं. उदाहरण द्यायचं तर 'परडी निखारा शेवगा कोयंडा उंबर', अर्थात हा वापरू नका. खरी अडचण पुढे आली, की हे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं कसं. निखारामधल्या शेवटच्या आ ला एक ए की दोन? शेवग्याच्या व ला व्ही की डब्ल्यू? पहिल्या दिवशी बाबांनी स्वतःचाच पासवर्ड तीन प्रकारे टाइप केला. मग आम्ही नियमच ठरवले, दीर्घ असो की ऱ्हस्व ए एकच, व म्हणजे नेहमी व्ही, श आणि ष दोन्हीला एस-एच, शब्दांच्या मध्ये डॅश. नियम मोठ्या अक्षरात लिहून डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवले, नियम कळले म्हणून काही पासवर्ड कळत नाही. असे पाठ करायचे पासवर्ड फक्त दोन ठेवले, मेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे बाकीचे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवणाऱ्या ॲपचा.

पासवर्ड मॅनेजर मी माझ्यासाठी बिटवॉर्डन घेतलं. फुकटात कितीही पासवर्ड, कितीही डिव्हाइसवर चालतं. मी तेव्हाचं वर्षाला दहा डॉलरवालं घेतलं, आठशे रुपयांच्या वर गेले, कारण त्यात आपल्याला काही झालं तर ठरवलेल्या माणसाला प्रवेश मिळायची सोय आहे. त्याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनी रिसेट करून देत नाही, हे आधीच समजून घ्या. तो मुख्य पासवर्ड भक्कमच हवा, कारण २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीकडून लोकांच्या तिजोऱ्यांच्या कुलूपबंद प्रती चोरीला गेल्या होत्या, आणि अशा वेळी मुख्य पासवर्ड किती भक्कम आहे यावरच सगळं ठरतं. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड तिकडे नेताना ते आधी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवावे लागतात, आणि त्या फाइलमध्ये सगळं उघडं, साधं वाचता येईल असं असतं. काम झालं की लगेच डिलीट करा, रीसायकल बिनमधूनही. डाउनलोड फोल्डर ड्राइव्हला जोडलेला असेल तर तिथूनही.

बाबांनी मात्र फोनमधलं मॅनेजर थोडे दिवस वापरून सांगितलं की मला वहीच बरी. माझं मत विचाराल तर ७४ वर्षांच्या माणसासाठी वही वाईट नाही. कपाटातली वही परदेशातून कुणी हॅक करत नाही. अट एवढीच की ती खरी असावी, एका खात्यापुढे एकच पासवर्ड, जुने खोडलेले नकोत, आणि ती घराबाहेर जाऊ नये. म्हणून नवी वही केली आणि जुन्या डायरीची ती पानं फाडून जाळली. आणि वहीच्या पानाचा फोटो काढायचा नाही. बंगळूरहून दादा म्हणत होता, पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक, म्हणजे माझ्याकडेही राहील. मी नाही म्हटलं. तो फोटो माझ्या गॅलरीत, त्याच्या गॅलरीत, दोघांच्या क्लाउड बॅकअपमध्ये, आणि कुणाचा फोन दुरुस्तीला गेला की तिथे. मग वहीत ठेवण्याला अर्थच काय राहिला.

वहीचं दुसरं भय २५ जुलैला कळलं. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमची मावशी तिथे जवळच राहते, तिचं सामान वर चढवायला गेलो तर लोकांच्या फायली, पासबुकं, सर्टिफिकेटं भिजून त्यांचे गठ्ठे झालेले. घरी येऊन पहिलं काम केलं ते वहीची दुसरी प्रत हाताने लिहून, जाड प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचं. बॅकअप कोडही त्यातच.

रिटर्न जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भरलं. आधार नव्या नंबराला जोडलं गेल्यावर ओटीपी आला, पासवर्ड बदलला, प्रोफाइलमध्ये नंबर आणि मेल बदलले, आणि रिटर्न भरून आधार ओटीपीनेच ई-व्हेरिफाय केलं. हे ई-व्हेरिफाय ३० दिवसांच्या आत करावं लागतं, नाहीतर ते रिटर्न वेळेत भरलं असं धरत नाहीत. पोर्टलवर ई-फायलिंग व्हॉल्ट म्हणून एक सोय आहे, लॉगिनसाठी आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगसारखी दुसरी पायरी सक्तीची करता येते, ती चालू करून टाका, फार कमी लोक करतात. पेन्शनचा नंबर, एलआयसी, गॅस, महावितरण ही कामं मग भराभर झाली, कारण मुळातला नंबर आणि मेल जागेवर होते. म्युच्युअल फंडाला केवायसीत नंबर बदलायला थोडं थांबावं लागलं, बाकी काही विशेष नाही.

संचारसाथी हे दूरसंचार खात्याचं पोर्टल २०२३ मध्ये सुरू झालंय, तिथे आपल्या नावावर कुठली कुठली सिम आहेत ते दिसतं. बाबांच्या नावावर एक जुन्या डोंगलचं सिम निघालं. 'हे माझं नाही' आणि 'आता गरज नाही' असे वेगळे पर्याय असतात, आम्ही दुसरा निवडला. तुमच्या नावावर तुम्ही कधी न घेतलेलं सिम दिसलं तर मात्र पहिला निवडा आणि दुर्लक्ष करू नका.

ऑगस्टमध्ये उरलेली जुनी खाती. यात माझीच जास्त होती. नोकरीच्या साइट, त्यावर माझा २०१० चा बायोडेटा, घरच्या पत्त्यासकट. लग्नाच्या साइटवरचं प्रोफाइल, लग्नाला चौदा वर्षं झाली तरी जिवंत, फोटोंसकट. बंद झालेल्या दुकानांची ॲप. मेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय युवर' हे शब्द शोधलेत तर कुठे कुठे खाती काढली होती ते बऱ्यापैकी सापडतं. नुसतं ॲप उडवून खातं जात नाही, आत जाऊन डिलीट करावं लागतं. आणि डिलीट करण्याआधी पत्ता, फोटो, कार्ड काढून टाका, म्हणजे त्यांनी खातं नुसतं झाकून ठेवलं तरी आत काही उरत नाही. एका साइटने दाद दिली नाही, तिला मेल केला, त्यात ऑगस्ट २०२३ च्या डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या, कायद्याचा उल्लेख केला. त्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिलेला आहे, त्याचे नियम तेव्हा, २०२४ मध्ये, यायचे होते, तरी चार दिवसांत उत्तर आलं आणि खातं गेलं.

बाबांना मधेच एक मेसेज आला होता, बिल भरलं नाही म्हणून आज रात्री वीज तोडणार, या नंबरावर फोन करा. एरवी ते घाबरून फोन करते, या वेळी मला दाखवला आणि स्वतःच म्हणाले, महावितरणच्या ॲपवर बघू. बिल भरलेलं होतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आणि फ्रीजवरही लावलाय.

एक गोष्ट आम्ही ठरवून केली नाही. बाबांच्या बँकेचे पासवर्ड मी माझ्याकडे घेतले नाहीत. ते टाइप करतात, मी शेजारी बसते. बँकही पासवर्ड घरच्यांनाही सांगू नका म्हणते आणि ते बरोबर आहे. पुढेमागे काही झालं तर पैशांवरचा दावा पासवर्डने होत नाही, त्यासाठी नॉमिनी लागतो, म्हणून पासवर्डाबरोबरच प्रत्येक खात्याचा नॉमिनी तपासला. एका एफडीवर अजून आजीचं नाव होतं, ते बदलून आईचं घातलं. जीमेलच्या इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये दादाला आणि मला ठेवलंय, म्हणजे बाबांनी ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही तर आम्हा दोघांना कळेल.

सगळा खर्च काढला तर आधारचे ५०, झेरॉक्स, रिक्षा आणि बिटवॉर्डनचे पैसे, एवढाच. वेळ आणि धीर मात्र भरपूर लागला. एका बैठकीत एकच खातं घ्या, वडीलधारी माणसं दमतात आणि दमली की 'राहू दे' म्हणतात. गाडीच्या आरसीवर अजून तो जुनाच नंबर आहे आणि फास्टॅगही त्यालाच जोडलेला आहे, गणपतीनंतर आम्ही ते घेणार आहोत, आणि त्यानंतर आईचा फोन.